जुन्या मशीनला नवीन एसएसडी लावली की क्रॅश: ‘मशीनच बदला’ हे उत्तर बरोबर आहे का?

लोकमान्यनगरकर

एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान चिपवाली डिस्क, लावल्यावर जुना कॉम्प्युटर मध्येच बंद पडायला लागला, की आपल्या इंदूरमध्ये कुठेही विचारा, एकच उत्तर मिळतं: मदरबोर्ड म्हातारा झाला, नवीन घ्या. मला हे पटत नाही. तपासणी न करता दिलेला हा निकाल आहे आणि त्याचा भुर्दंड घरातल्या माणसाला बसतो.

आमची हकीकत सांगतो. बाबांचं मशीन २०१२ चं. ते घरी बसून लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका आणि मंडळाची स्मरणिका कंपोज करतात. त्यांचं मराठी कंपोजिंगचं सॉफ्टवेअर फार जुनं, आणि प्रिंटरच्या जुन्या पॅरलल पोर्टला डाँगल, म्हणजे सॉफ्टवेअरची किल्ली असलेला छोटा तुकडा, लावल्याशिवाय ते उघडतच नाही. हल्लीच्या बोर्डांवर तो पोर्ट सहसा नसतो. यूएसबीला पॅरलल जोडणारी केबल आणून पाहिली, त्यावर प्रिंटर चालला पण सॉफ्टवेअरला डाँगल दिसला नाही. म्हणजे मशीन बदललं की बाबांचं कामच बंद.

जुनी हार्ड डिस्क फार रखडत होती म्हणून दिवाळीनंतर साटा (बोर्डाला डिस्क जोडायची नेहमीची पद्धत) एसएसडी लावली आणि विंडोज १० नव्याने टाकलं. पहिले दोन दिवस बाबा एकदम खूश. तिसऱ्या दिवसापासून त्रास सुरू झाला.

त्रास कसा, ते नीट सांगतो, कारण माझ्या मते सगळी गोष्ट त्यातच आहे. बाबा भराभर टाइप करत असतात तेव्हा काही होत नाही. ते प्रूफचा कागद हातात घेतात, चष्मा वर करून दहा मिनिटं वाचतात आणि मग माउसला हात लावतात, तेव्हा होतं. बाण फिरतो, पण क्लिक केलं की काही उघडत नाही. डब्यावरचा डिस्कचा लाल दिवा न लुकलुकता नुसता पेटून राहतो. मिनिटभराने निळा पडदा येतो आणि त्यावरची टक्केवारी शून्यावरून हलत नाही. मशीन आपोआप रीस्टार्ट होतं आणि बूट करायला डिस्कच सापडत नाही म्हणतं. मागचं बटण बंद करून, थोडं थांबून पुन्हा चालू केलं की जणू काही झालंच नव्हतं.

मग मी जुनी डिस्क परत लावली. चार दिवस एकदाही पडलं नाही. सगळे म्हणाले, बघ, एसएसडीच खराब. तीच एसएसडी भाच्याच्या नव्या मशीनला लावली, तिथे चार दिवस सुरळीत. आता तेच लोक म्हणाले, बघ, बोर्डच खराब. जेल रोडच्या एका दुकानात तर डबा न उघडताच नव्या मशीनचं कोटेशन हातात दिलं.

दोघं वेगवेगळे ठीक चालतात, एकत्र आले की भांडतात. मग दोष एकावर कसा टाकायचा? विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, प्रत्येक क्रॅशच्या आधी १२९ क्रमांकाची नोंद आहे: ड्राइव्हला रीसेट दिला. म्हणजे विंडोजने काही मागितलं, ड्राइव्हकडून वेळेत उत्तर आलं नाही, म्हणून तिला पुन्हा उठवायचा प्रयत्न झाला. निळ्या पडद्याच्या वेळी क्रॅशची माहिती साठवणारी फाइल एकदाही तयार झालेली नाही. होणार कशी? ती जिथे लिहायची ती डिस्कच गायब.

माझं म्हणणं एवढंच की मशीन भंगारात काढण्यापूर्वी इतका तरी शोध घ्यायलाच हवा. तुम्हाला काय वाटतं?


आरएनटी मार्गवाला

दादा, मी तेरा वर्षं रिपेअरिंग करून राहिलोय, म्हणून दुसरी बाजू सांगतो. राग मानू नका.

तुम्ही चार दिवस हे लावून आणि चार दिवस ते लावून बघू शकता. माझ्याकडे येणारा माणूस सकाळी डबा ठेवतो आणि संध्याकाळी न्यायला येतो. मी शोध घेत बसलो तर त्या वेळाचे पैसे तो देत नाही, आणि अंदाजाने काढून दिलं तर आठ दिवसांनी तोच डबा परत माझ्या काउंटरवर. अशा वेळी ‘नवीन घ्या’ म्हणण्यात लबाडी नसते. मी ज्याची हमी देऊ शकतो, तेवढंच मी सांगतो.

दुसरं, तुम्ही बोर्ड आणि ड्राइव्ह बघितले, एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा भाग, बघितला का? अडीच इंची साटा एसएसडी सगळी वीज ५ व्होल्टच्या लाइनवरून घेते. त्या लाइनला पाच टक्के कमी-जास्त चालतं, म्हणजे ४.७५ ते ५.२५. जुन्या एसएमपीएसमध्ये कपॅसिटर फुगलेले असतात, लाइन हलते, आणि ड्राइव्ह मध्येच मान टाकते. मी एसएसडी बसवायच्या आधी मीटर लावतो आणि एसएमपीएस जुना दिसला तर तो बदलल्याशिवाय काम हातात घेत नाही. गिऱ्हाइकाला वाटतं हा पैसे वाढवून राहिला. पण डेटा गेल्यावर शिव्या मलाच पडतात.

आणि ‘साटा आहे ना, मग चालणारच’ हेही सोडा. जी३१, जी४१ चिपसेटचे (बोर्डावरच्या मुख्य चिपांच्या संचाचे) जे बोर्ड आपल्याकडे घरोघरी होते, त्यांच्यातल्या साध्या आयसीएच७ चिपला एएचसीआय, म्हणजे साटा डिस्क चालवायचा नवा मोडच नाही. एसएसडी तिथे जुन्या आयडीई मोडमध्येच चालवावी लागते. ड्राइव्ह सेकंदाला ६ गिगाबिटची, पोर्ट ३ चा. चालते, पण पॅकेटवर छापलेला वेग मिळत नाही, आणि मग तेही आमच्याच नावावर.


राजेंद्रनगर, लिनक्स

मी आधीच्या दोघांशीही पूर्ण सहमत नाही.

आरएनटी मार्गवाल्या दादांचं मीटर लावणं योग्यच आहे. पण जुनं ते खराब, हे गृहीत धरणं चूक. जुन्या कंट्रोलरचं, म्हणजे बोर्डावरच्या डिस्क चालवणाऱ्या चिपचं, आणि नव्या ड्राइव्हचं न पटणं ही ऐकीव गोष्ट नाही, त्याची नोंद उघड्यावर पडलेली आहे. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, कर्नलमध्ये, अशा ड्राइव्हची यादीच असते, कुणाची कुठली सोय बंद ठेवायची याची. २०२१ मध्ये त्यात सॅमसंगच्या ८६० आणि ८७० एसएसडीची भर पडली: एटीआयच्या जुन्या साटा कंट्रोलरवर या ड्राइव्ह असतील तर एनसीक्यू, म्हणजे एकदम अनेक कामं रांगेत घ्यायची सोय, बंद करा. ड्राइव्ह इतरत्र उत्तम चालतात, कंट्रोलर दुसऱ्या डिस्कबरोबर उत्तम चालतो. फक्त ही जोडी जमत नाही. लोकमान्यनगरकरांनी वर जे लिहिलं, हुबेहूब तेच.

उलट उदाहरणही आहे, तेही सांगायला हवं. जानेवारी २०११ मध्ये इंटेलने स्वतः जाहीर केलं की ६ सीरिजच्या चिपसेटमधले ३ गिगाबिटचे साटा पोर्ट काळानुसार खराब होऊ शकतात. ६ गिगाबिटचे दोन पोर्ट ठीक होते. म्हणजे बोर्डच खराब, असंही असू शकतं. आणि ड्राइव्हही दोषी असू शकते. क्रुशलची एम४ एकूण ५१८४ तास चालली की क्रॅश व्हायला लागायची, त्यानंतर तासातासाला, आणि जानेवारी २०१२ च्या फर्मवेअरने (ड्राइव्हच्या आतल्या सॉफ्टवेअरने) ते बरं झालं. कारण कळायला नोंदी वाचाव्या लागतात, वय बघून कळत नाही.

लोकमान्यनगरकर, मशीन रिकामं असताना पडतं, यावर माझा संशय लिंक पॉवर मॅनेजमेंटवर जातो. काम नसलं की साटाची लिंक झोपते. एक हलकी झोप असते, पार्शल, तिच्यातून १० मायक्रोसेकंदांत उठावं असा नियम. दुसरी गाढ, स्लंबर, तिच्यातून १० मिलिसेकंदांत. एकाने झोप म्हटलं आणि दुसऱ्याला उठवता आलं नाही, की ड्राइव्ह वीज बंद-चालू करेपर्यंत मुकी. नुसत्या रीस्टार्टने तिची वीज जात नाही, म्हणूनच तुम्हाला मागचं बटण बंद करावं लागतं. विंडोजमध्ये हा पर्याय पॉवर प्लॅनमध्ये हार्ड डिस्कखाली असतो, पण लपवलेला. रजिस्ट्रीतून (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या साठ्यातून) उघडा आणि ‘ॲक्टिव्ह’ करा, म्हणजे लिंक झोपणार नाही. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. केबल, बायोस (बोर्डाची स्वतःची सेटिंग्ज), प्लॅन सगळं एकाच संध्याकाळी बदललंत तर बरं कशाने झालं हे कधीच कळणार नाही.

माझी तक्रार कंपन्यांकडे आहे. ‘जुन्या साटाशी सुसंगत’ असं छापायचं असेल तर कुठल्या कंट्रोलरवर तपासलं तेही छापा.


स्नेहलतागंजची ताई

तुम्ही तिघं चिपसेटवर बोलताय आणि मला काळजी वाटतेय ती बाबांच्या फाइलींची. ड्राइव्ह लिहिता लिहिता गायब होते आहे, आणि त्याच ड्राइव्हवर स्मरणिका ठेवून प्रयोग चालले आहेत. हे थांबवा. आधी सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवा, मग हवं ते उघडा आणि लावा.

मी एका छोट्या संस्थेचे हिशेब बघते. आमच्या जुन्या मशीनलाही एसएसडी लावल्यावर असंच झालं, पण फक्त सकाळी. ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’, म्हणजे बूट करायची डिस्क उघडता येत नाही. दोन जणांनी विंडोज पुन्हा टाकून दिलं, दोन्ही वेळा पैसे घेतले. शेवटी माझ्याच लक्षात आलं की रात्री शिपाई भिंतीवरचं मेन बटण बंद करून जातो त्याच सकाळी हे होतं. बोर्डावरचा बटणसेल, सीआर२०३२, संपला होता. वीज गेली की बायोस विसरायचं आणि एएचसीआय जाऊन आयडीई मोड व्हायचा. नवा सेल घातला, मोड पुन्हा लावला, संपलं. तेव्हा घड्याळ मागे पडतंय का, हे आधी बघा.

आता लोकमान्यनगरकरांना विरोध. तुम्ही म्हणता मशीन वाचवायचं, कारण डाँगल. पण त्या जुन्या सॉफ्टवेअरमधला मजकूर युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येईल अशा पद्धतीचा, नाही ना? ‘क’च्या जागी भलतंच इंग्रजी अक्षर साठवलेलं असतं, दुसरीकडे उघडलं की नुसत्या खुणा. मशीन आज दुरुस्त झालं तरी डाँगल कधीतरी जाईलच. त्या दिवशी वीस वर्षांच्या स्मरणिका कुणालाच वाचता येणार नाहीत. मशीन चालू आहे तोवर प्रत्येक फाइलची पीडीएफ काढा, आणि फॉन्टसाठी कन्व्हर्टर मिळत असेल तर मजकूर युनिकोडमध्ये आणा. तुमचा सगळा जोर याच्यावर हवा.


लोकमान्यनगरकर

ताई, तुमचं वाचलं आणि त्याच रात्री सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवलं. खरंच, हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं.

घड्याळ बरोबर आहे, मोडही एएचसीआयच राहतो. ५ व्होल्टची लाइन मोजली, ५.०३ आली. ड्राइव्हच्या स्मार्टमधली (ती स्वतःच्या तब्येतीच्या नोंदी ठेवते त्यातली) १९९ क्रमांकाची नोंद, सीआरसी चुकांची, म्हणजे केबलवरून जाताना बिघडलेल्या डेटाची, शून्यावर आहे, म्हणजे केबलवर संशय घ्यायला जागा नव्हती. मग फक्त लिंक पॉवर मॅनेजमेंट ‘ॲक्टिव्ह’ केलं, दुसरं काहीही नाही. आज अकरावा दिवस. बाबा प्रूफ वाचतात, उठून चहा घेतात, परत येतात, मशीन चालू असतं. १२९ ची एकही नवी नोंद नाही. अपवाद एकच: मध्ये खात्री म्हणून एका संध्याकाळी पर्याय मुद्दाम जुना केला, तर पाऊण तासात पडलं. पुन्हा ‘ॲक्टिव्ह’ केलं.

म्हणून माझ्या मताला मी चिकटून आहे. मशीन बदलून आम्ही नको तो खर्च केला असता आणि बाबांचं काम गमावलं असतं.


आरएनटी मार्गवाला

पर्याय जुना करून पुन्हा पाडून बघितलंत, हे मला आवडलं. आमच्याकडची मुलंही हे करत नाहीत. पुढच्या वेळी कुणी ‘बसल्या बसल्या पडतं’ म्हणालं तर मी हे आधी बघेन, हेही कबूल करतो.

पण माझं म्हणणं मी मागे घेत नाही. ५.०३ आज आहे, आणि तीही मशीन शांत असताना. जुन्या एसएमपीएसने एका झटक्यात बोर्ड आणि ड्राइव्ह दोन्ही जाळलेले मी बघितले आहेत. तो बदलाच. आणि विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून नेहमीचा आधार बंद केला आहे, तेव्हा त्या मशीनचं नेट काढून टाका. पत्रिका पेनड्राइव्हवर न्या.

ताईंचा मुद्दा मात्र मला सगळ्यात जास्त लागला. माझ्याकडे पॅरलल पोर्ट असलेला एक बोर्ड पडून आहे, प्रोसेसरसकट. चालतो. कुणी विचारत नाही, म्हणून भंगारात जाणार होता. घेऊन जा, पैसे नकोत. त्यावर तुमची जुनी डिस्क लावून डाँगल चालतो का बघा. चालला तर एक जोडी सुटी राहील तुमच्याकडे.


लोकमान्यनगरकर

शनिवारी अकराला येतो. बाबांनाही आणतो. डाँगल ते दुसऱ्या कुणाच्या हातात देत नाहीत.