शेजारी बसायला वेळ ठेवा

नवीन लग्न झालंय, पाहुणे येणार म्हटलं की आवराआवरीतच जीव जातो, असं एकीने लिहिलंय. माझंही अगदी तसंच व्हायचं. पहिल्या वर्षी नवऱ्याच्या आत्या आल्या तेव्हा मी सारखी आत-बाहेर करत होते. शेवटी त्यांनी हात धरून मला शेजारी बसवलं, "अगं, मी तुला भेटायला आलेय!" तेव्हापासून राहिलेलं काम तसंच सोडते आणि बसते. फोन आतल्या खोलीत. गेल्या वेळी ज्यांचा गुडघा दुखत होता, त्यांना तो आता कसा आहे हे आठवणीने विचारते, उंच खुर्ची पुढे करते. अबोल पाहुण्याला एखादं छोटं काम द्यावं. हात गुंतले की माणूस आपसूक बोलू लागतो. आणि हो, नवऱ्यालाही सोबत घ्या, एकटीने सगळं केलं तर बसायला सवड कुठून मिळणार?