मदत हवी आहे: आई बाथरूममध्ये असतानाच सेन्सरचा लाईट बंद होतो

मंडळी, घर अकोल्यात आहे. आई रात्री दोन-तीनदा उठते, अंधारात बटण चाचपडत जाते, म्हणून पॅसेजला आणि बाथरूमला ते होल्डरमध्ये फिरवून बसवायचे मोशन सेन्सरवाले एलईडी बल्ब लावले. थंडीत पॅसेजचा मस्त चालला, पण बाथरूमची कटकट आहे, आई कमोडवर बसली की थोड्या वेळात लाईट गुल, मग ती आतून हात हलवत बसते, परवा वैतागून म्हणाली "याला काय आरती ओवाळू का मी?" आणि आता जुनी ट्यूबच रात्रभर चालू ठेवते, म्हणजे सगळं मुसळ केरात. त्यात एप्रिल लागल्यापासून पॅसेजचा बल्बपण पार खाली जाऊन उभं राहिल्याशिवाय लागत नाही, आणि लागला की पांढराफटक उजेड थेट डोळ्यात. बल्बवर टायमिंग बदलायला काहीच नाहीये. वायरमन म्हणतो रडारवाला घ्या, पण शेजाऱ्यांच्या जिन्यातला रडारवाला दाराबाहेरून कुणी गेलं तरी पेटतो. शिवाय आमच्या बोर्डात न्यूट्रल (परतीची वायर) नाही. काय घेऊ?

प्रतिसाद:
तुमचे बल्ब पीआयआर सेन्सरवाले दिसतायत. त्याला हलणारी उष्णता कळते, स्वस्थ बसलेला माणूस त्याच्या लेखी नसतोच. आणि अकोल्याच्या उन्हाळ्यात भिंतीच अंगाएवढ्या तापतात, फरकच उरत नाही तर तो पकडणार काय, बल्ब बिघडलेला नाही.

बाथरूमला 24 गिगाहर्ट्झचा एमएमवेव्ह प्रेझेन्स सेन्सर (रडारवालाच, माणूस आत आहे का ते ओळखणारा) बघा, नुसत्या श्वासाने छाती हलते तेवढंही त्याला पुरतं. मात्र रेंज कमी करता येणारा घ्या आणि बाथरूमपुरती ठेवा, प्लायवूडच्या दारातून तो आरपार बघतो, शेजाऱ्यांचं तेच होतंय. एक्झॉस्ट फॅनकडे तोंड नको. बंद व्हायचा टाईम पाच मिनिटं. न्यूट्रलचं टेन्शन नको, बोर्डात नसला तरी लाईटच्या होल्डरपाशी असतोच, सेन्सर छताला तिथेच जोडायचा आणि भिंतीवरचं बटण कायम चालू (यावर चिकटपट्टी लावा, पाहुणे हमखास बंद करतात).

पॅसेजला पीआयआर चालेल पण बल्बमधला नको, वेगळा घ्या आणि आई त्याच्यासमोरून आडवी जाईल असा लावा, सरळ अंगावर चालून येणारा माणूस त्याला उशिरा कळतो. उजेडाला गुडघ्याच्या उंचीवर एक-दोन वॅटचा पिवळा फूटलाईट पुरे. बाथरूमचं दार कशाचं आहे आणि छत किती उंच, तेवढं सांगा.