क्रूझबद्दल घरात चार मतं, खरं कोणाचं? मदत हवी आहे

भरतीओहोटी

नमस्कार मंडळी,

पुढच्या सुट्टीत क्रूझला जायचा विषय निघाला आणि घरात चार तोंडं चार दिशांना झाली. नवऱ्याचं म्हणणं, एकदा पैसे भरले की परत येईपर्यंत खिशात हात घालायला नको. सासूबाईंना घाटात गाडी लागते, त्यामुळे बोट लागणार याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नाही. सासऱ्यांनी टायटॅनिकपासून सुरुवात केली आणि "बोटीवर साथी पसरतात, पेपरात येतं की" इथे येऊन थांबले. तेरा वर्षांची लेक म्हणते, म्हाताऱ्यांच्या सहलीला मी येणार नाही, तिथे नेटसुद्धा नसतं.

वाचून वाचून माझं डोकं गरगरलंय. विकणारे सगळं गोड सांगतात आणि ज्यांचा प्रवास बिनसला ते चुकूनही जाऊ नका म्हणतात.

दोन प्रवास डोळ्यांसमोर आहेत. एक रोमहून निघून सँटोरिनी, कुशादासी, मिकोनोस, नेपल्स आणि परत रोम. दुसरा सिएटलहून अलास्का आणि परत सिएटल. अलास्का म्हणजे अमेरिकाच, तेव्हा एका व्हिसात काम भागेल आणि कागदपत्रांची कटकट कमी, असा माझा हिशेब आहे.

सासूबाई सपाटीवर चालतात, पण गुडघ्यांमुळे जिने जमत नाहीत. सासऱ्यांना काचबिंदू आहे, थेंब रोजचे. जाऊन आलेल्यांनी किंवा बोटीवर काम केलेल्यांनी खरं काय ते सांगावं. "खूप मज्जा येते" एवढंच लिहायचं असेल तर नाही लिहिलं तरी चालेल :)

सुकाणू

मी बरीच वर्षं प्रवासी जहाजांवर नोकरी केली आहे, त्यामुळे सासऱ्यांपासून सुरुवात करतो.

टायटॅनिकवर 1912 साली जेमतेम निम्म्या लोकांपुरत्या होड्या होत्या, आणि तेव्हाच्या नियमांत ते बसत होतं. त्या अपघातानंतर 1914 मध्ये सोलास हा समुद्रावरच्या सुरक्षिततेचा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि पुढे तो वेळोवेळी सुधारत गेला. आज लांबच्या प्रवासाला निघणाऱ्या प्रवासी जहाजावर होड्या आणि फुगवायचे तराफे मिळून जहाजावरच्या एकूण माणसांच्या 125 टक्के जागा असावी लागते. म्हणजे एका बाजूच्या काही होड्या निकामी झाल्या तरी मार्ग उरतो.

सासऱ्यांनी धसका घ्यायचाच असेल तर कोस्टा कॉनकॉर्डियाचा घ्यावा. जानेवारी 2012 मध्ये ते जहाज इटलीच्या जिल्यो बेटाच्या फार जवळून नेलं गेलं, खडकावर आपटलं आणि 32 माणसं गेली. होड्या पुरेशा होत्या. जहाज सोडायचा हुकूम मात्र तासाभराहून जास्त उशिरा आला. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची आणीबाणीत काय करायचं याची कवायतही झालेली नव्हती, कारण ती 24 तासांत उरकली तरी नियमाला चालत होतं. 2015 पासून नियम बदलला. आता जहाज निघण्याआधी किंवा निघाल्या निघाल्या कवायत व्हावी लागते. हल्ली बऱ्याच कंपन्या फोनवर चित्रफीत दाखवतात आणि मग तुम्ही नेमून दिलेल्या जागी जाऊन हजेरी लावायची. लोक ती बघतच नाहीत, नुसती पुढे ढकलतात. सासऱ्यांना घेऊन ती जागा प्रत्यक्ष बघा आणि जिन्याने तिथे कसं पोहोचायचं तेही पाहून ठेवा, कारण आणीबाणीत लिफ्ट वापरता येत नाही. सासूबाईंना जिने जमत नाहीत हे बुकिंगच्या वेळीच कळवा. अशा प्रवाशांची यादी जहाजावर वेगळी ठेवतात आणि गरज पडल्यास त्यांच्या मदतीला माणसं नेमतात.

पोर्टहोल

साथीबद्दल मी लिहिते, माझा कामाचा विषय जवळचा आहे.

पेपरात येतो तो बहुतेक वेळा नोरोव्हायरस, म्हणजे उलट्या-जुलाब. जहाजाचं नाव बातमीत येतं कारण तिथे मोजदाद होते. अमेरिकेच्या बंदरात येणाऱ्या जहाजावर 3 टक्के प्रवासी किंवा कर्मचारी पोटाच्या तक्रारीने आजारी पडले की तिथली सीडीसी ही आरोग्य संस्था ती साथ जाहीर करते. हॉटेलात तेवढीच माणसं आजारी पडली तर ती आपापल्या घरी जातात आणि कोणाला पत्ताही लागत नाही. याच संस्थेच्या म्हणण्यानुसार नोरोव्हायरसच्या नोंदलेल्या सगळ्या साथींपैकी जहाजांवरच्या साथी साधारण 1 टक्का आहेत. शिवाय ती या जहाजांची अचानक तपासणी करून 100 पैकी गुण देते. 86 च्या खाली गेलात की नापास. हे गुण कोणालाही बघता येतात.

मात्र एक चुकीची समजूत जहाजावर जाऊनही टिकते. जेवणाच्या दारात हातावर फवारा मिळाला की लोक निश्चिंत होतात. नोरोव्हायरसवर अल्कोहोलचं सॅनिटायझर फारसं चालत नाही. साबण आणि वाहतं पाणी लागतं. आणि पोट बिघडलं तर लपवू नका, जहाजावरच्या दवाखान्यात कळवा.

तो दवाखाना फुकट नसतो बरं का. डॉक्टर असतात, साधे उपचार होतात, पण बिल खात्यावर चढतं, आणि हेलिकॉप्टरने न्यायची वेळ आली तर खर्च डोळे पांढरे करणारा असतो. ज्येष्ठांसाठी विमा घेताना त्यात समुद्रातून हलवण्याचा खर्च धरलाय का आणि आधीपासूनचे आजार धरलेत का, हे दोन प्रश्न विचाराच.

हळदीकुंकू_नको

भरतीओहोटीताई, सासूबाईंची केबिन मधल्या भागात आणि खालच्या मजल्यावर घ्या. जहाज पाळण्यासारखं हलतं, टोकं जास्त आणि मध्य कमी. लोक हौसेने सर्वात वरची, अगदी पुढची बाल्कनी घेतात आणि मग क्रूझला नावं ठेवतात.

मोठ्या जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखांसारखी स्थिरकं असतात. डावी-उजवीकडचं डोलणं ती बरंच कमी करतात, पुढे-मागे होणारं हलणं तेवढं नाही. त्यामुळे "मोठ्या बोटीत काहीच जाणवत नाही" हेही अर्धसत्यच. घाटात गाडी लागते ते बरेचदा वळणांनी आणि मान खाली घालून बसल्याने. समुद्रावरचं हलणं संथ असतं. गाडी लागणाऱ्या प्रत्येकाला बोट लागतेच असं नाही. डेकवर येऊन क्षितिजाकडे बघत राहिलं की बरं वाटतं, केबिनमध्ये पडून फोन बघितला की वाढतं.

आता अलास्का. किनाऱ्यालगत बेटांच्या आडून जाणारा आतला मार्ग बराच शांत असतो, पण सिएटलहून निघणारी बरीच जहाजं व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरून, उघड्या समुद्रातून जातात. व्हँकुव्हर शहरातून निघणारी साधारणपणे आतून जातात. नकाशा मागून घ्या.

पोर्टहोल

वरच्या प्रतिसादाला पुस्ती. औषध मळमळ सुरू होण्याआधी घ्यायचं असतं, नंतर घेऊन उपयोग कमी. पण सासऱ्यांना काचबिंदू आहे म्हणालात. कानामागे लावायची स्कोपोलामाइनची पट्टी काचबिंदूच्या काही प्रकारांत चालतच नाही, आणि मळमळीच्या इतर काही गोळ्यांतही जपावं लागतं. त्यांच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय जहाजावरच्या कोणाची गोळी घेऊ देऊ नका. शेजारच्या टेबलावरच्या मावशी फार प्रेमाने देतात.

बंदरचुकव्या

मंडळी, तुम्ही बुडण्याच्या आणि मळमळीच्या चर्चेत आहात आणि खरा खड्डा ताईंच्या तिसऱ्या परिच्छेदात आहे.

सिएटल ते सिएटल अलास्काला नुसता अमेरिकेचा व्हिसा पुरत नाही. 1886 च्या एका अमेरिकी कायद्यामुळे परदेशी ध्वजाचं जहाज फक्त अमेरिकी बंदरांमध्ये फिरवून प्रवाशांना परत आणू शकत नाही, मध्ये एक तरी परदेशी बंदर करावं लागतं. मोठी क्रूझ जहाजं जवळजवळ सगळी बहामा, पनामा, माल्टा अशा देशांच्या ध्वजाखाली असतात. म्हणून सिएटलच्या प्रवासात व्हिक्टोरियासारखा कॅनडाचा थांबा घातलेला असतो, कधीकधी रात्रीचे काही तासच. 2021 मध्ये कॅनडाने बंदरं बंद ठेवली तेव्हा अमेरिकेला अलास्काचा हंगाम वाचवायला खास तात्पुरता कायदा करावा लागला होता. सांगायचं म्हणजे, ज्यांना या देशांचे व्हिसा लागतात त्यांनी कॅनडाचाही धरावा, आणि अमेरिकेचा पुन्हा प्रवेश करता येईल असा.

रोमच्या प्रवासात तोच घोटाळा वेगळ्या वेषात आहे. कुशादासी तुर्कस्तानात आहे, म्हणजे शेंगेनच्या (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपी देशांच्या गटाच्या) बाहेर. तिथून ग्रीसमधल्या मिकोनोसला आलात की शेंगेनमध्ये दुसऱ्यांदा प्रवेश. एकदाच प्रवेशाचा व्हिसा काढला असेल तर जहाजावर चढतानाच अडवतात, आणि तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत. "आम्ही तिथे उतरणारच नाही" हे उत्तर चालेलच असं नाही. तुमच्या पासपोर्टवर काय लागेल ते कंपनीकडून लेखी घ्या. कागदांची जबाबदारी प्रवाशाचीच, असं करारात छापलेलं असतं.

दुसरं, "रोम" म्हणजे रोम नव्हे. जहाज चिवितावेक्कियाला लागतं, ते रोमपासून 70-80 किलोमीटर. "फ्लॉरेन्स" म्हणून लिव्होर्नो आणि "पॅरिस" म्हणून ल हाव्र हे त्यातलेच प्रकार. जहाज ज्या दिवशी निघणार त्याच दिवशीचं विमान घेऊ नका, आदल्या दिवशी पोहोचा. विमानाला उशीर झाला म्हणून जहाज थांबत नाही.

बंदरातही थांबत नाही. कंपनीची स्वतःची सहल उशिरा परतली तर साधारणपणे वाट बघतात. स्वतःचे स्वतः फिरायला गेलात आणि उशीर झाला तर पुढच्या बंदरापर्यंत स्वखर्चाने. फोनवरची वेळ आणि जहाजाची वेळ एकच असेल असंही गृहीत धरू नका. साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून ठेवा.

भरतीओहोटी

बंदरचुकव्या, कॅनडाचं कुठेच वाचनात आलं नव्हतं. मनापासून आभार. सुकाणू आणि पोर्टहोल, सासऱ्यांना तुमचे प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवले. टायटॅनिक मिटलं, आता ते कोस्टा कॉनकॉर्डियाबद्दल वाचत बसलेत.

खर्चाचं कोणीच बोललं नाही. नवऱ्याचं बरोबर आहे का? आणि लेकीचं काय?

डेकखुर्ची

खिशात हात घालावा लागत नाही हे शब्दशः खरं आहे. जहाजावर रोख चालतच नाही. खोलीच्या किल्लीचं कार्ड दाखवायचं आणि सगळं खात्यावर. म्हणूनच शेवटच्या सकाळी लोकांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

नेहमीच्या मोठ्या जहाजांवर भाड्यात खोली, मुख्य भोजनगृह आणि बुफे, नाटक-गाण्याचे कार्यक्रम, तलाव, मुलांचा क्लब एवढं येतं. दारू, बाटलीबंद पेयं, बरेचदा चांगली कॉफी, खास रेस्टॉरंट, इंटरनेट, स्पा, बंदरावरच्या सहली हे सगळं वेगळं. बऱ्याच कंपन्या टिपही माणशी दररोज आपोआप लावतात आणि मुलांनाही लावतात. पेयांचं पॅकेज घ्यायचं तर बऱ्याच ठिकाणी त्या खोलीतल्या सगळ्या मोठ्यांनी घ्यावं लागतं. फक्त नवऱ्यासाठी घेऊन दोघांनी पिऊ, हा विचार त्यांनी आधीच केलेला असतो. महागड्या छोट्या जहाजांवर यातलं बरंच भाड्यातच असतं, त्यामुळे तुलना करताना नुसतं भाडं बघू नका. आणि भाडं "माणशी" लिहिलेलं असलं तरी ते एका खोलीत दोघं धरून असतं. एकट्याने खोली घेतली तर कधीकधी दुपटीपर्यंत जातं.

लेकीला सांगा, नेट असतं. उपग्रह पृथ्वीच्या जवळच्या कक्षेत आल्यापासून बरंच सुधारलंय, फक्त पॅकेज घ्यावं लागतं. पण जहाजावर चढल्या चढल्या सगळ्यांचे फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि मग वायफाय चालू करा. नाहीतर फोन जहाजाचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क पकडतो. ते उपग्रहावरून चालतं आणि नेहमीच्या रोमिंग पॅकमध्ये ते बहुधा धरलेलं नसतं. फोन पर्समध्ये पडून असतानाही बिल वाढू शकतं.

म्हाताऱ्यांचं म्हणाल तर ते जहाजावर आणि हंगामावर आहे. शाळांच्या सुट्टीत मोठ्या जहाजावर पोरंच पोरं असतात. आयकॉन ऑफ द सीज हे 2024 साली आलेलं जहाज 365 मीटर लांब आहे आणि भरगच्च भरलं तर त्यात 7,600 प्रवासी मावतात. तिथे शांतता शोधणाराच वेडा. लांब पल्ल्याच्या, शाळा चालू असतानाच्या प्रवासात मात्र लेकीचं म्हणणं बरोबर ठरेल. तेरा वर्षांच्यांसाठी वेगळा टीन क्लब असतो. पहिल्याच संध्याकाळी पाठवा, ओळखी तेव्हाच होतात.

हळदीकुंकू_नको

+१. आणि सामान! बॅगा धक्क्यावर घेतात, खोलीत यायला संध्याकाळ होऊ शकते. सासऱ्यांचे थेंब, बाकीची औषधं, पासपोर्ट हातातल्या पिशवीत. इस्त्री आणि किटली नेऊ नका, काढून घेतात.

भरतीओहोटी

शेवटचा प्रश्न. गुडघ्यांचा विचार करता दोन्हींपैकी कुठला?

सुकाणू

जहाजावर काही अडचण नाही, लिफ्ट भरपूर असतात. प्रश्न बंदरांचा आहे. सँटोरिनीला जहाज धक्क्याला लागत नाही. ते बाहेर नांगर टाकतं आणि छोट्या बोटीने किनाऱ्यावर नेतात. पाणी हलत असेल तर त्या बोटीत पाऊल टाकताना गुडघ्याला हिसका बसतो, खलाशी दोन्ही हात धरतात तरी. पुढे जुन्या बंदरातून वरच्या गावात जायला केबलकार आहे किंवा सुमारे 600 पायऱ्या. केबलकारची रांग परतीच्या वेळी लांबलचक होते, त्यामुळे लवकर खाली या. वारा फार असेल तर कप्तान सँटोरिनी सरळ वगळतो. करारात त्याला तो अधिकार आहे, आणि तेव्हा परत मिळतं ते फक्त बंदरशुल्क. नेपल्स आणि चिवितावेक्कियाला जहाज थेट धक्क्याला लागतं.

अलास्कात जुनो, केचिकन इथे बहुधा धक्का मिळतो, गाव समोरच असतं, आणि हिमनदी तर डेकवरूनच दिसते. गुडघ्यांसाठी मी अलास्का निवडेन, कॅनडाचा व्हिसा वेळेत मिळणार असेल तर. मळमळीचं भय जास्त वाटत असेल तर व्हँकुव्हरहून निघणारं जहाज बघा. प्रत्येक प्रवासाच्या माहितीत कुठल्या बंदरात धक्का आणि कुठे छोटी बोट ते लिहिलेलं असतं. एजंटकडून फोटो नका मागू, ते पान मागा.