एका जावासाठी दुसरी जावा उघडायची का?

पंचवटीकर

आमच्या मोठ्या काकांची १९६८ची जावा मोटरसायकल. मैसूरच्या आयडियल जावाची, २५० सीसी, दोन सायलेन्सर, मरून रंग. काका गेल्यावर गाडी नदीकाठच्या जुन्या वाड्यात पडवीत उभी होती. २ ऑगस्ट २०१६ला नाशकात गोदावरी चढली, दुतोंड्या मारुतीची मूर्ती पाण्याखाली गेली, तेव्हा आमच्या पडवीत छातीएवढं पाणी होतं. पाणी उतरल्यावर आम्ही धान्य बघितलं, कपाटं बघितली. गाडीकडे कोण बघतो!

गेल्या दिवाळीत एकदाची उघडली. वीज तयार करणाऱ्या डायनॅमोचं झाकण काढल्यावर आतून वाळलेला गाळ सांडला, दळून आणलेल्या हळदीसारखा मऊ. तांब्याची वेटोळी हिरवी पडलेली. जिकॉव्ह कंपनीच्या कार्बोरेटरची वाटी, म्हणजे त्यात पेट्रोल साठतं तो भाग, खालून पांढऱ्या पुडीने खाल्लेली. पिस्टन जाम. मागचं मडगार्ड बोट लावलं की पापुद्रे सुटतात. आरसी बुक मात्र देव्हाऱ्याच्या माळ्यावर होतं म्हणून वाचलं, आणि ती खिळ्यासारखी चावीसुद्धा.

आता मालेगावला एकाकडे जावा सापडली आहे. १९७०च्या आसपासची, कागद नाहीत. मालक म्हणतो घेऊन जा, उघडून पार्ट काढा, काय करायचं ते करा. माझा मेकॅनिक खूश. डायनॅमो, कार्बोरेटर, दोन्ही मडगार्ड, टाकीचे रबरी पॅड सगळं ओरिजिनल मिळतंय, उरलेलं भंगारात. अडचण एवढीच की मी तिला किक मारून बघितली आणि ती तिसऱ्या किकला चालू झाली.

माझं मत: जी चालते ती कापायची नाही. माझ्या गाडीला डुप्लिकेट लागले तर लागले. चुकत असेन तर सांगा.

जिकॉव्ह२५०

चुकताय. मैसूरचा कारखाना १९९६ला बंद पडला. त्यानंतर तिथे एक वॉशरसुद्धा नवा बनलेला नाही. आहे तो माल संपत जाणारा आहे, आणि तो कुठे वापरायचा एवढंच आपल्या हातात. एका गाडीला कागद आहेत, घराण्याचा इतिहास आहे. दुसरी बिनकागदाची, रस्त्यावर आली की पहिल्या नाकाबंदीत अडकणार. कुणासाठी कुणाला उघडायचं याचा वेगळा विचार करायची गरजच काय?

डुप्लिकेटचं म्हणाल तर एकदा डुप्लिकेट मडगार्ड हातात घेऊन बघा. पत्रा पातळ, काठाचं वळण चपटं, भोकं दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे. मेकॅनिक गोल कानस घेऊन बसतो आणि ओढूनताणून बोल्ट घालतो. महिन्याभरात भोकापासून चीर. लाखाच्या वर घालवून तुम्ही लांबून जावासारखी दिसणारी गाडी तयार कराल. काकांची जावा नाही.

लेथवाला_अंबड

नमस्कार. नाशिकच्या अंबडला लेथवर तीस वर्षं जॉबवर्क केलंय, त्यातली बरीच जुन्या गाड्यांची.

तुमच्या यादीतला डायनॅमो आधी खोडा. तो बदलायचा पार्टच नाही. त्यातलं आर्मेचर, म्हणजे फिरणारी गुंडाळी, रिवाइंड होतं. पाण्याच्या मोटारी भरणारा चांगला वाइंडर जुन्या तारेचे वेढे मोजतो, जाडी मोजतो आणि तशीच तार भरतो. कम्युटेटर, म्हणजे ब्रश घासतात ती तांब्याच्या पट्ट्यांची कडी, लेथवर धरून हलका कट घ्यायचा, काळपट जाऊन तांबं लख्ख दिसेपर्यंतच. मग पट्ट्यांच्या मधला अभ्रक हॅकसॉच्या तुटक्या पात्याने खरवडून किंचित खाली घ्यायचा. हे लोक विसरतात. अभ्रक वर राहिला की कार्बन ब्रश त्याच्यावर उडतात, ठिणग्या पडतात आणि पंधरा दिवसांत माणूस परत येतो, "तुमचं वाइंडिंग जळलं" म्हणत.

क्रँक मात्र नक्की गेली असणार. पुराचं पाणी बेअरिंगात उभं राहिलंय. जावाची क्रँक दाबून बसवलेली, पिन प्रेसवर काढावी लागते. नवा रॉड, नवी पिन, नव्या बेअरिंगा, परत प्रेस, मग व्ही-ब्लॉकवर डायल लावून हातोडीने सरळ करणं. २०-३० मायक्रॉनच्या आत आली तरच बांधा. सिलिंडरचा मूळ बोअर ६५ मिलिमीटर. पाव-पाव मिलिमीटरने किती वेळा वाढवलाय ते मोजा, वाढवायला जागा उरली नसेल तर आत नवी नळी, म्हणजे स्लीव्ह. हे सगळं नवंच होणार, मालेगावची गाडी आणा नाहीतर नका आणू. मग ओरिजिनल म्हणजे काय, फक्त पत्रा?

जिकॉव्ह२५०

पत्रा, टाकी, हँडलचं वळण, हेडलाइटची घडण. हो, फक्त पत्रा. माणसाला गुडघा बदलून बसवला म्हणून तो दुसरा माणूस होत नाही. तोंड बदललं तर होतो.

कॅम्पातली

देवळालीहून. बाबांची येझदी, जावाच्याच कारखान्याची, मी स्वतः उभी केली आहे, म्हणून मधे बोलते.

"ओरिजिनल ओल्ड स्टॉक" या तीन शब्दांपायी मी जेवढे पैसे घालवलेत तेवढ्यात मॅट्रिकच्या मुलाची वर्षाची शिकवणी झाली असती. पुण्यात एका दुकानदाराने जुन्या पिवळ्या खोक्यात पिस्टन दिला. खोकं खरं होतं, कडा झिजलेल्या, वर जुना शिक्का. आतला पिस्टन कालचा. लेथवाल्याने हातात घेऊनच सांगितलं.

पण ते परवडलं. खरी फसगत खऱ्या मालाने केली. इंजिनाची ऑइल सीलं मला खरोखरची जुनी मिळाली, कंपनीच्या पाकिटातली, तीसेक वर्षं पाकिटात पडून राहिलेली. मी हरखून बसवली. रबर वरून गुळगुळीत होतं, ओठ मात्र कडक झालेला. टू-स्ट्रोकचं सील हवा ओढायला लागलं की पेट्रोल-ऑइलचं मिश्रण पातळ पडतं आणि इंजिन तापतं. कसारा घाट चढताना आवाज आधी कोरडा झाला, मग मागचं चाक एकदम धरलं. क्लच दाबायचं सुचलं म्हणून आज लिहिते आहे. मागे कंटेनर होता.

तेव्हा जिकॉव्हदादा, पत्र्याचं तुमचं मान्य. रबर, सील, पाइप, केबल हे नवंच. त्यात पेट्रोल आता २० टक्के इथेनॉलचं. जुनी पेट्रोलची नळी त्यात फुगते, मऊ पडते, कॉकमधल्या बुचाच्या वॉशरचे तुकडे जेटमध्ये जाऊन बसतात. इथे ओरिजिनलचा हट्ट धरणं म्हणजे गाडीशी वैर.

उगाच_एक

पंचवटीकर, एवढं सगळं करण्यापेक्षा शोरूममधली नवी जावा घ्या ना. २०१८पासून परत मिळते. सेल्फ स्टार्ट आहे.

पंचवटीकर

@उगाच_एक काकांनी सेल्फ मारलेला बघितला नाही मी कधी.

मालेगावभो

गाडी आमच्या गावची निघाली म्हणून लिहितो. कागद नाहीत म्हणजे मेलेली हे कुणी ठरवलं भो? आमच्याकडे निम्म्या जुन्या गाड्यांचं असंच. मालक वारला, पोरं पॉवरलूमच्या मागे, आरसी पावसात गेली. इंजिन आणि चेसिस नंबर नीट वाचा, जुनी नंबरप्लेट कुठल्या आरटीओची ते बघा, तिथे नोंद शोधा. नोंद सापडली तर वारसाला पुढे करून हरवल्याची तक्रार, दुय्यम आरसीसाठी फॉर्म २६, वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१. चपला झिजतील, पण रस्ता आहे. आणि नंबर खोडून परत ठोकलेला दिसला तर हात न लावता निघून या. त्या गाडीचा पार्टसुद्धा घरात नको, डायनॅमो काय नि मडगार्ड काय. हे जिकॉव्ह साहेबांनी सांगायला पाहिजे होतं, त्यांनी थेट पान्याला हात घातला.

आता काकांच्या गाडीचं. २०२१च्या नियमाने पन्नास वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, तुमची बसते त्यात. जुना नंबर ठेवता येतो. पण चेसिस, बॉडी, इंजिनात फेरफार नको, आणि मग ती रोज चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. रविवारी त्र्यंबकला मिसळ खायला न्यायची असेल तर व्हिंटेजच्या फंदात पडू नका. दर पाच वर्षांनी साधं नूतनीकरण करत राहा.

जिकॉव्ह२५०

नंबर तपासायचं राहिलं, कबूल. पण भावनेवर चाललेलं बाकीचं मला पटत नाही. तिसऱ्या किकला चालू होणारी गाडी म्हणजे चालती गाडी नव्हे. ती त्या शेडमध्ये अजून दहा वर्षं उभी राहील, मग एखादा भंगारवाला किलोवर नेईल, आणि तेव्हा तुमचं जिकॉव्ह भट्टीत वितळलेलं असेल. मी आजवर तीन गाड्या उघडल्या. त्यांच्यावर सात गाड्या आज चालतात. हिशेब करा.

कॅम्पातली

त्या तिघींपैकी किती चालू होत्या?

जिकॉव्ह२५०

एक.

लेथवाला_अंबड

मडगार्डबद्दल राहिलं. नाशकात बसून मडगार्डाला रडताय? जुन्या गावात अजून तांबट आहेत. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या टाकीला खड्डा होता, पेंटर म्हणाला पुट्टी भरू. आम्ही तांबटाकडे नेली. त्याने तोंडातून हात जाईना म्हणून लोखंडी सळईला चमच्यासारखं वळण दिलं, ते आत घातलं आणि बाहेरून लाकडी मोगरीने टकटक करत अर्ध्या तासात खड्डा वर आणला. पुट्टी नखाएवढी लागली. मडगार्डाचा चांगला भाग ठेवून सडलेला कापा, जाड पत्रा त्याच्याकडून वळवून घ्या, जोड मारा. मूळ काठ राहतो, भोकं मूळ जागी राहतात. डुप्लिकेट नको आणि दुसऱ्याचं काढायलाही नको. राहिलं कार्बोरेटर. त्याची वाटी काही मी बनवू शकत नाही.

पंचवटीकर

काल मालेगावला जाऊन आलो. दोन्ही नंबरांवर घासलेटचा बोळा फिरवला. आकडे स्वच्छ, खोडाखोड नाही. नंबरप्लेट नाशिकचीच निघाली. मालकाचा आजोबा नाशिकरोडला प्रेसमध्ये कामाला होता म्हणे, गाडी त्याच्या नावावर. नातवाला हे सांगितल्यावर तो गप्प झाला आणि म्हणाला, मग द्यायची का नाही ते विचार करून सांगतो. म्हणजे माझे पार्ट गेले, आणि बहुतेक गाडीही.

मेकॅनिक दोन दिवस बोलत नाहीये.

डायनॅमो सातपूरला एका वाइंडरकडे टाकला आहे. लाइटसाठी नंतर चेक देशात बनलेलं १२ व्होल्टचं किट टाकावं असं मेकॅनिकचं म्हणणं होतं, पण आधी मूळ ६ व्होल्टवर चालवून बघतो. रात्री गाडी काढायची नाही, मग पिवळा मिणमिणता उजेड असला तरी काय बिघडतं? राहिली जिकॉव्हची वाटी.

जिकॉव्ह२५०

माझ्याकडे दोन आहेत. कोणत्या गाडीच्या ते विचारू नका. विकणार नाही; तुमची जुनी वाटी घेऊन या आणि बदलून न्या. येताना फ्लोट आणि सुई पण आणा, नाहीतर गळेल आणि मग मला नावं ठेवाल.