पिकअपच्या मागच्या ॲक्सलला लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल घरी बसवता येईल का?

वाळपईचा बागायतदार:
नमस्कार. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमची काजूची बाग आणि तिच्या खाली पोफळीचे कुळागर आहे. कुळागरातून वरच्या डांबरी रस्त्याला लागणारी वाट चढाची आहे. पावसाळ्यात तिथली तांबडी माती निसरडी होते आणि कातळावर शेवाळ धरते. वळणावर रिकामा पिकअप आला की मागचे एक चाक जागच्या जागी फिरत राहते, आणि दुसरे चांगल्या दगडावर असूनही ढिम्म हलत नाही. गाडी मागच्या दोन चाकांवर चालणारी असून मागे पाट्यांच्या स्प्रिंगा आहेत. फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी घेणे परवडणारे नाही, म्हणून लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल, म्हणजे एक चाक घसरले तरी दुसऱ्याला ताकद पोचवणारा डिफरन्शियल, बसवण्याचा विचार आहे. ब्रेक, क्लच आणि सस्पेन्शनच्या बुशांची कामे मी घरीच करतो; डिफरन्शियलचे हाउसिंग मात्र आजवर उघडलेले नाही. कोणता प्रकार घ्यावा, आणि घरी काम करताना ते नेमके कोठे बिघडते?

फोंड्याचा गिअरवाला:
आपण सांगता तो गाडीतला बिघाड नव्हे. साधा डिफरन्शियल, म्हणजे ॲक्सलच्या मध्यावरची दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी, दोन्ही चाकांना जवळजवळ समान टॉर्क (फिरवण्याचा जोर) देतो, त्यामुळे घसरणारे चाक जेवढा पेलते तेवढाच पकड असलेल्या चाकालाही मिळतो. चिखलातले चाक २०० न्यूटन-मीटरवर घसरू लागले, तर दगडावरच्या चाकालाही २०० च्या आसपासच मिळणार, मग इंजिन कितीही ताकदीचे असो.

हेलिकल गिअरचा प्रकार हा टॉर्क पटीत वाटतो. त्याचे गुणोत्तर ३ असेल, तर याच प्रसंगी दगडावरच्या चाकाला ६०० पर्यंत मिळू शकतात. त्यात झिजणाऱ्या प्लेटा नसतात. मात्र एखादे चाक हवेत उचलले गेले, तर शून्याची तिप्पट शून्यच. अशा वेळी हँडब्रेक किंचित ओढून फिरत्या चाकाला विरोध द्यावा लागतो. क्लच प्लेटच्या प्रकारात स्प्रिंगांचा दाब सतत असतो, म्हणून चाक उचलले तरी थोडा टॉर्क पलीकडे जातो. पण प्लेटा कालांतराने झिजतात. महिंद्रा थारच्या काही आवृत्त्यांत मागे येणारा मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल निराळा आहे: दोन चाकांच्या वेगातला फरक ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की तो आपोआप पूर्ण लॉक होतो.

आपल्या वाटेवर दोन्ही चाके जमिनीवर टेकलेली राहत असतील, तर मी हेलिकल घेईन. मागवण्यापूर्वी ॲक्सल शाफ्टच्या स्प्लाइनचे (टोकाच्या खाचांचे) दात, क्राऊन व्हीलच्या (डिफरन्शियलवरच्या मोठ्या दातेरी चक्राच्या) बोल्टांची मांडणी आणि गिअर गुणोत्तर प्रत्यक्ष तपासावे. केवळ गाडीच्या नावावर विसंबून युनिट मागवू नये.

म्हापशाचा फिटर:
खोलणे-जोडणे अवघड नाही, मोजमाप अवघड आहे. प्रथम हाउसिंगची घडण पाहावी. मागे बोल्टांचे झाकण असेल, तर कॅरिअर (क्राऊन धरणारा डिफरन्शियलचा सांगाडा) गाडीखाली झोपूनच काढावा लागतो. मागची बाजू बंद असून प्रोपेलर शाफ्टच्या बाजूने सबंध गोळा सुटून येत असेल, तर आपले काम निम्म्याने हलके होते: गोळा घरी काढावा, चांगल्या वर्कशॉपमध्ये बाकावर सेट करून घ्यावा आणि पुन्हा घरी चढवावा. माझ्या मते पहिल्या खेपेस हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

झाकणवाले हाउसिंग असल्यास गाडी सपाट काँक्रीटवर, नुसत्या जॅकवर नव्हे तर भक्कम स्टँडवर उभी करावी आणि पुढच्या चाकांना ठोकळ्यांची ओट लावावी. तेल काढून दोन्ही ॲक्सल शाफ्ट बाहेर घ्यावेत. यानंतर काहीही सैल करण्यापूर्वी डायल गेज लावून क्राऊन आणि पिनियन (त्याला फिरवणारा लहान गिअर) यांच्या दातांमधला जुना खेळ, म्हणजे मोकळी फट, मोजून लिहून ठेवावा. अनेक पिकअपमध्ये तो ०.१३ ते ०.२० मिलिमीटरच्या आसपास असतो, पण मॅन्युअलमधला आकडाच प्रमाण मानावा. आणि क्राऊन-पिनियन जुनेच वापरणार असाल, तर ते एकमेकांवर बसलेले असल्यामुळे शक्यतो त्या जुन्या खेळावरच परत यावे. बेअरिंगच्या कॅपांवर डावी-उजवी, वर-खाली अशा खुणा कराव्यात, कारण त्या हाउसिंगसह एकत्र मशीन केलेल्या असतात आणि त्यांची अदलाबदल चालत नाही. शिमाही (अंतर जुळवण्याच्या पातळ चकत्या) बाजूनिहाय वेगळ्या बांधून ठेवाव्यात.

क्राऊनचे बोल्ट काही गाड्यांत उलट्या आट्यांचे असतात, तेव्हा जोर लावण्यापूर्वी खात्री करावी. नव्या युनिटवर क्राऊन चढवताना नवे बोल्ट, लॉकिंग द्रव आणि टॉर्क पाना वापरून समोरासमोरचे बोल्ट टप्प्याटप्प्याने आवळावेत. बेअरिंग नवीच घालावीत. ती प्रेसवर बसवून घेण्यासाठी युनिट वर्कशॉपमध्ये नेण्यात कमीपणा नाही. खेळ कमी-जास्त करायचा झाल्यास एका बाजूची शिम जेवढी काढाल तेवढीच दुसऱ्या बाजूला घालावी, म्हणजे बेअरिंगवरचा दाब बदलत नाही.

वाळपईचा बागायतदार:
सविस्तर उत्तरांबद्दल आभार. मागे बोल्टांचे झाकणच आहे. खेळ बरोबर आला, तरी दात नीट बसले आहेत हे कसे ओळखावे? आणि तेल कोणते घालावे?

म्हापशाचा फिटर:
क्राऊनच्या काही दातांना मार्किंग पेस्ट लावावी, क्राऊनला थोडा विरोध देऊन पिनियन दोन्ही दिशांनी फिरवावे आणि ठसा पाहावा. तो दाताच्या मुळाशी किंवा टोकाशी न जाता मध्यावर यायला हवा. पिनियन आपण हलवलेले नसल्यामुळे ठसा बहुधा पूर्वीसारखाच येतो. तो वेगळा आला, तर गाडी रस्त्यावर न आणता जाणकाराला दाखवावी. चुकीच्या बैठकीची गाडी आधी वेगात घोंघावते आणि मग दात खाते. तेल जीएल-५ या गिअर तेलाच्या प्रतीचे, मॅन्युअलमध्ये दिलेल्या जाडीचे घालावे. क्लच प्लेटच्या युनिटला फ्रिक्शन मॉडिफायर (घर्षण बदलण्यासाठी तेलात घालायचे द्रव्य) लागतो, शिवाय प्लेटा आधी तेलात भिजवाव्या लागतात. हेलिकलला मॉडिफायर घालू नये, त्याची पकड कमी होते.

डिचोलीकर:
आणखी काही गोष्टी. हे युनिट बसवल्यानंतर एकच चाक जॅकवर उचलून इंजिन गिअरमध्ये कधीही चालवू नये. जमिनीवरचे चाक ताकद घेऊन गाडी जॅकवरून ढकलून देऊ शकते. शिवाय पावसात चोर्ला घाटासारख्या वळणांवर रिकाम्या पिकअपने जास्त ॲक्सिलरेटर दिल्यास आता दोन्ही मागची चाके एकदम सुटतात आणि शेपूट बाजूला सरकते, म्हणून चांगल्या नक्षीचे टायर तेवढेच गरजेचे आहेत. ओहोळ ओलांडत असाल, तर हाउसिंगच्या ब्रीदरची (आतली हवा ये-जा करण्याच्या छिद्राची) नळी वर नेऊन बांधावी. पाणी आत गेलेले तेल दुधाळ दिसते. तसे दिसताच ते बदलावे.