तीन विषयांत काम करणाऱ्या शास्त्रज्ञाच्या सायटेशन्स एका मापात कशा आणायच्या?

पानपुरवणी (धागाकर्ता)

एका शास्त्रज्ञाच्या आजवरच्या कामाचा दोन पानी आढावा लिहायचा आहे. एकूण ८४ पेपर. निम्म्याच्या आसपास संख्याशास्त्रातले, उरलेले पेशीजीवशास्त्र आणि संगणकशास्त्रातले. सायटेशन्स म्हणजे त्या पेपरना इतरांनी दिलेले संदर्भ. एच-इंडेक्स (३१ म्हणजे निदान ३१ पेपरना प्रत्येकी निदान ३१ सायटेशन्स) गूगल स्कॉलरवर ३१, स्कोपसवर २४, वेब ऑफ सायन्सवर २१; हे तिन्ही संशोधन-लेखांचे डेटाबेस. आढावा वाचणारे तिन्ही विषयांतले असतील आणि 'चांगला आकडा' म्हणजे किती, हे प्रत्येकाच्या डोक्यात वेगळं असणार.

तीन प्रश्न आहेत. यातला कोणता आकडा धरायचा? तिन्ही विषयांतले पेपर एका मापात कसे आणायचे? आणि तिसरा जरा अडचणीचा: एकूण सायटेशन्सपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त एकाच पेपरच्या आहेत. पेपर संख्याशास्त्रातल्या एका पद्धतीवर आहे, पण त्याचा संदर्भ देणारे जवळपास सगळे वैद्यकातले. तो कुठल्या विषयात मोजायचा?

संदर्भसूची

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो. तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असू शकतात, कारण प्रत्येकाचं जाळं वेगळ्या विणीचं आहे. गूगल स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (नियतकालिकात छापण्याआधीच्या प्रती), पुस्तकं, अहवाल सगळं ओढून घेतं. बाकीचे दोघे निवडक नियतकालिकं घेतात. संगणकशास्त्रातलं बरंचसं महत्त्वाचं काम परिषदांमध्ये छापलं जातं आणि तिथे या दोघांची व्याप्ती सारखी नाही. म्हणून एका आढाव्याला एकच डेटाबेस ठेवा आणि आकडा कोणत्या तारखेला काढला ते शेजारी लिहा. एका ठिकाणचा एच-इंडेक्स आणि दुसऱ्या ठिकाणच्या एकूण सायटेशन्स एका तक्त्यात आल्या, की तो तक्ता वाया गेला.

त्याच्याही आधी यादी स्वच्छ करायला हवी. खरं काम इथेच आहे. स्कोपसवर एकाच माणसाचे दोन-तीन लेखक-क्रमांक झालेले सापडतात: आद्याक्षरं वेगळी पडली, आडनाव बदललं किंवा संस्था बदलली की नवा क्रमांक तयार होतो. दुरुस्तीसाठी तिथेच अर्ज करता येतो. गूगल स्कॉलरचा दोष याच्या उलट. प्रोफाइल आपोआप भरू दिलं तर नामसाधर्म्य असलेल्या दुसऱ्याचेच पेपर आत येतात. सेटिंगमध्ये 'आधी ईमेलने विचारा' हा पर्याय प्रोफाइलच्या मालकाकडून निवडून घ्या. सायटेशनच्या आकड्याला फुली (*) चिकटलेली दिसली तर थांबा. त्या आकड्यात दुसऱ्याच एखाद्या लेखाच्या सायटेशन्स मिसळलेल्या असू शकतात.

मग यादी सीएसव्हीमध्ये (साध्या तक्त्याच्या फाइलमध्ये) उतरवा आणि डीओआयवरून (प्रत्येक लेखाच्या कायमच्या ओळख-क्रमांकावरून) दुबार नोंदी काढा. डीओआयमध्ये लहान-मोठ्या अक्षरांचा फरक धरत नाहीत, म्हणून आधी सगळं लहान अक्षरांत आणा आणि सुरुवातीला जोडलेला वेबपत्ता कापून टाका, नाहीतर एकच पेपर दोनदा उरतो. प्रीप्रिंट आणि छापील आवृत्ती यांचे डीओआय वेगळे असतात, ती जोडी शीर्षकावरून हातानेच पकडावी लागते. ऑर्किड क्रमांकातल्या (संशोधकाच्या सोळा अंकी ओळख-क्रमांकातल्या) आडव्या रेघा काढू नका. रेघा गेल्या की एक्सेल त्याला संख्या समजतं, पंधराच अंक धरतं आणि सोळाव्याचं शून्य करतं.

मध्यगा

वरच्याशी सहमत. आता दुसरा प्रश्न.

एच-इंडेक्सवर विषयांची तुलना होत नाही, हे तो मांडला गेला तेव्हापासून दिसतंय. जॉर्ज हिर्श यांच्या २००५ सालच्या मूळ लेखातच भौतिकशास्त्रात एडवर्ड विटन ११० वर आहेत आणि जीवशास्त्रात सॉलोमन स्नायडर १९१ वर. हा फरक विषयांच्या सवयींचा आहे. शिवाय हा आकडा कधी खाली येत नाही, वयाबरोबर वाढतच जातो.

सवयी म्हणजे काय, ते नीट पाहिलं पाहिजे. विषय मोठा, माणसं जास्त, म्हणून सायटेशन्स जास्त, असा समज आहे. सरासरीच्या बाबतीत तो चुकीचा आहे. माणसं वाढली की संदर्भ देणारे पेपर वाढतात, तसे संदर्भाची वाट पाहणारेही वाढतात. सरासरी ठरते ती एका पेपरच्या संदर्भयादीत किती नोंदी असतात, त्या किती ताज्या असतात आणि त्यातल्या किती त्या डेटाबेसच्या आत आहेत, यांवरून. गणिताकडे झुकणाऱ्या विषयांत याद्या आखूड आणि संदर्भ जुने, पेशीजीवशास्त्रात याद्या लांब आणि ताज्या. म्हणूनच दोनच वर्षांची खिडकी असलेला इम्पॅक्ट फॅक्टर (नियतकालिकातल्या लेखांच्या सरासरी सायटेशन्सचा आकडा) गणिती विषयांना नेहमी कमी दाखवतो. (विषय मोठा असला की टोकाचे आकडे मात्र मोठे होतात.)

उपाय असा: प्रत्येक पेपरची तुलना त्याच विषयातल्या, त्याच वर्षाच्या, त्याच प्रकारच्या पेपरांच्या सरासरीशी करायची. रिव्ह्यू (विषयाचा आढावा घेणारा लेख) असेल तर रिव्ह्यूशीच. १ म्हणजे जागतिक सरासरी. स्कोपसच्या घरात याला फील्ड-वेटेड सायटेशन इम्पॅक्ट म्हणतात.

समजा, तीन पेपर आहेत. संख्याशास्त्र: सायटेशन्स २४, अपेक्षित (म्हणजे वरची सरासरी) ६, गुणोत्तर ४. पेशीजीवशास्त्र: ६० आणि ४०, गुणोत्तर १.५. संगणकशास्त्र: ९ आणि १२, गुणोत्तर ०.७५. आधी बेरजा करून भागाकार केला तर ९३ भागिले ५८, म्हणजे १.६०. आधी भागाकार करून सरासरी काढली तर २.०८. पहिल्या रीतीत जास्त सायटेशन्सचा विषय बाकीच्यांना गिळतो. याच मुद्द्यावर २०१० च्या सुमारास मोठा वाद झाला आणि लायडन विद्यापीठाच्या गटाने आपलं जुनं सूत्र सोडून दुसरी रीत घेतली. तुम्हीही तीच घ्या.

पेपर ज्या नियतकालिकात आहे ते दोन विषयांत नोंदलेलं असेल तर? अपेक्षित आकडे १० आणि ३० असताना साधी सरासरी २० येते, पण इथे हरात्मक मध्य (व्यस्तांच्या सरासरीचा व्यस्त) घेतात, तो १५. पेपरला ३० सायटेशन्स असतील तर गुणोत्तर २. हाच आकडा ३ आणि १ या दोन वेगवेगळ्या गुणोत्तरांची सरासरी काढूनही येतो, म्हणजे दोन्ही विषयांना समान वजन मिळालं.

तरीही सरासरीवर थांबू नका, एक भरमसाट पेपर ती वर ओढतो. त्याऐवजी ८४ पैकी किती पेपर आपापल्या विषय-वर्षाच्या वरच्या १० टक्क्यांत येतात ते मोजा. जागतिक सरासरीइतकी यादी असेल तर ८ च्या आसपास यायला हवेत. गेल्या दोन वर्षांतले पेपर वेगळे दाखवा. अपेक्षित आकडा ०.४ असताना एकच सायटेशन मिळाली तरी गुणोत्तर २.५ होतं आणि त्याला काही अर्थ नसतो.

उपांत्य

लेखकांच्या क्रमाकडे दुर्लक्ष करू नका. गणित, अर्थशास्त्र आणि उच्च-ऊर्जा भौतिकीत नावं बहुधा वर्णानुक्रमे येतात, तिथे पहिलं नाव काहीच सांगत नाही. जीववैद्यकात शेवटचं नाव बहुतेक वेळा गटप्रमुखाचं असतं. तुमच्या यादीत दोन्ही पद्धती असू शकतात, तेव्हा 'पहिला लेखक किती वेळा' हा रकाना संख्याशास्त्राच्या भागात फसवा ठरू शकेल.

लेखकसंख्याही बघा. २०१५ साली हिग्ज कणाच्या वस्तुमानावर अॅटलास आणि सीएमएस या गटांनी मिळून छापलेल्या पेपरवर ५,१५४ नावं होती. इतक्या टोकाला जायची गरज नाही, पण प्रत्येक पेपरचं श्रेय १ भागिले लेखकसंख्या असं वाटून एक वेगळी बेरीज ठेवली तर चित्र बरंच बदलतं.

पानपुरवणी

मनापासून आभार. अपेक्षित आकडे आयते कुठे मिळतात? सशुल्क साधनं हाताशी नाहीत. आणि तो पद्धतीवरचा पेपर राहिलाच.

मध्यगा

ओपनॲलेक्स वापरा. ते मोफत आहे आणि प्रत्येक पेपरला विषय-वर्षानुसार गुणोत्तर आणि शतमक (पर्सेंटाइल) दोन्ही देतं. तुमच्या कामासाठी त्याचा मोठा फायदा असा, की विषय नुसत्या नियतकालिकावरून न ठरवता प्रत्येक पेपरचा वेगळा ठरवलेला असतो: सुमारे ४,५०० उपविषय, त्यांच्यावर २५२ शाखा, त्यांच्यावर २६ क्षेत्रं. हे वर्गीकरण यंत्राने केलेलं आहे, त्यामुळे ८४ ओळी डोळ्याखालून घाला आणि चुकीचे विषय नोंदवून ठेवा.

आता तो पेपर. विषय संख्याशास्त्र धरला की अपेक्षित आकडा संख्याशास्त्राचा, पण सायटेशन्स येतात वैद्यकाच्या लांब याद्यांतून. गुणोत्तर २० किंवा ३० आलं तरी नवल नाही. पद्धतीवरचे पेपर असेच चढतात. प्रथिनं मोजण्याच्या रीतीवरचा लाउरी यांचा १९५१ सालचा पेपर तीन लाखांहून जास्त वेळा उद्धृत झालाय. तो उपयोग खराच आहे, फक्त तो संख्याशास्त्राच्या पट्टीवर बसत नाही.

अशा वेळी संदर्भ देणाऱ्याच्या बाजूने मोजा. २० संदर्भांच्या यादीतून आलेल्या सायटेशनला १ भागिले २०, म्हणजे ०.०५. ८० संदर्भांच्या यादीतून आलेलीला ०.०१२५. वैद्यकातला फुगवटा इथेच उतरतो. स्निप हा नियतकालिकांचा निर्देशांक याच विचारावर उभा आहे. एनआयएच या अमेरिकी आरोग्य-संशोधन संस्थेचं आयसाइट हे साधन दुसऱ्या वाटेने जातं: पेपरसोबत जे पेपर उद्धृत होतात त्यांनाच त्याचं क्षेत्र मानतं. पण ते पबमेड या जीववैद्यकातल्या लेखांच्या सूचीतल्या पेपरांपुरतंच आहे, हा पेपर तिथे आहे का ते आधी बघा.

संदर्भसूची

त्या पेपरसाठी आणखी एक कराच. संदर्भ देणाऱ्या पेपरांतून ५० यादृच्छिकपणे निवडा आणि वाक्य वाचून तीन खणांत टाका: पद्धत प्रत्यक्ष वापरली, नुसता उल्लेख केला, टीका किंवा सुधारणा केली. एक-दोन दिवसांचं काम आहे. '५० पैकी इतक्या ठिकाणी रुग्णांच्या माहितीवर पद्धत वापरली' हे वाक्य तिन्ही विषयांतल्या वाचकाला सारखंच कळतं.

आढाव्यात तो पेपर धरून आणि वगळून, दोन्ही आकडे द्या. सेल्फ-सायटेशन (स्वतःच स्वतःच्या कामाला दिलेले संदर्भ) वगळणार असाल तर कोणतं बटण दाबलं तेही लिहा. स्कोपसवर 'फक्त या लेखकाच्या' आणि 'सर्व सहलेखकांच्या' असे दोन पर्याय आहेत आणि मोठ्या गटात काम करणाऱ्याच्या बाबतीत दोन्हींचं उत्तर बरंच वेगळं येतं.