आमवातामुळे गुडघा सुजतोय: तेल, उशी, व्यायाम यातलं काय करावं?

पेठेतला
आईचं वय ५६, आमवाताचं निदान होऊन ४ वर्षं झाली. त्यावर मेथोट्रेक्सेट हे औषध सुरू आहे. पावसाळा लागल्यापासून उजवा गुडघा सुजलाय, हाताला गरम लागतो, सकाळी तासभर पाय सरळ होत नाही. शेजारच्या काकू म्हणतात, गरम तेलानं रगडा आणि रात्री गुडघ्याखाली उशी द्या. घर जुनं, जिना उभा, संडास खाली बसायचा. काय करावं?

फिजिओ_राजारामपुरी
उशी आजच काढा. वाकलेल्या गुडघ्याला बरं वाटतं हे खरं, पण रोज रात्रभर तसाच ठेवला की मागचे स्नायू आखडतात आणि पुढे पाय पूर्ण सरळ होतच नाही.

रगडणंही नको. ही नुसती झीज नाही, सांध्याच्या आतलं अस्तर सुजलंय. गरम गुडघ्यावर बर्फ फडक्यात गुंडाळून १०-१५ मिनिटं ठेवा. सकाळच्या आखडलेपणाला कोमट पाण्याची अंघोळ चालते.

पूर्ण विश्रांती दिली तर मांडीचा पुढचा स्नायू झपाट्यानं बारीक होतो आणि गुडघा दगा देतो, म्हणजे चालताना अचानक लचकतो. म्हणून सूज असतानाही एवढं कराच: पाय लांब करून बसवा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, ती खाली दाबून ५ आकडे मोजा, सोडा. असं १० वेळा, दिवसातून ३ दा. गुंडाळी व्यायामापुरतीच, नंतर काढायची. व्यायामानंतर दुखणं दोन तासांहून जास्त टिकलं तर दुसऱ्या दिवशी निम्मं करा.

मंगळवारपेठ_ताई
संडासाचं आधी बघा, सगळ्यात जास्त ताण तिथंच येतो. कमोडची खुर्ची सर्जिकलच्या दुकानात मिळते, भोकाखालची बादली काढून थेट भांड्यावर बसते. उंची अशी धरा की बसल्यावर गुडघे कमरेपेक्षा किंचित खाली राहतील. भाकरी ओट्यावर उभ्यानं थापू द्या, जमिनीवर मांडी घालून नको.

जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. उजवा गुडघा दुखतोय तर काठी डाव्या हातात. बरेच जण उलट धरतात. हात सैल सोडल्यावर मनगटाच्या घडीपर्यंत मूठ यावी. आमवातात बोटंही दुखतात, म्हणून रुंद मुठीची घ्या. आणि आपली कोल्हापुरी चप्पल कितीही आवडती असली तरी सध्या नको. तळ कडक, टाच मोकळी, पावसात शहाबादीवर घसरते. मागं पट्टा असलेली मऊ सँडल घ्या.

औषधवाला
मेथोट्रेक्सेट *आठवड्यातून एकदाच* घेताय ना, पुन्हा एकदा तपासा. चुकून रोज घेतल्यानं जीव गेलेत. वार ठरवून टाका. शुक्रवार अंबाबाईचा म्हणून घरात सगळ्यांच्या लक्षात राहतो. नवी पट्टी आणली की गोळी किती मिलिग्रॅमची ते बघा, २.५ च्या जागी १० ची आली तर डोस चौपट होतो. फॉलिक अ‍ॅसिड डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशी. रक्त आणि लिव्हरच्या तपासण्या चुकवू नका. दुसऱ्या कुठल्या डॉक्टरांकडे गेलात तर हे औषध चालू असल्याचं आधी सांगा, ट्रायमेथोप्रिम असलेली अँटिबायोटिक याच्याबरोबर घातक ठरते.

आणि एवढं औषध चालू असूनही गुडघा सुजतोय म्हणजे ते पुरेसं पडत नसावं. वेदनाशामक वाढवत बसू नका, संधिवाततज्ज्ञांना दाखवा.

पेठेतला
उशी काढली. पण कालपासून पोटरीही सुजलीय, तट्ट झालीय. त्याच गुडघ्यामुळे का?

फिजिओ_राजारामपुरी
असू शकतं. गुडघ्यामागं पाण्याची गाठ होते, ती फुटली की पाणी पोटरीत उतरतं. पण शिरेत रक्ताची गुठळी झाली तरी पोटरी अशीच दिसते, हातानं ओळखता येत नाही, शिरेतला रक्तप्रवाह दाखवणारी डॉपलर सोनोग्राफी लागते. आजच न्या, तोवर पोटरी चोळू नका. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट इमर्जन्सीत. ताप असेल आणि हा एकच गुडघा फार तापला असेल तर आत जंतुसंसर्गाची शक्यता धरतात, सुईनं पाणी काढून तपासतात. तेही उद्यावर टाकायचं नाही.